पेंड एकोणीस दिवस टिकली

३ जानेवारी, मंगळवार

प्रयोगवहीत आकडे लिहायचे, मनातलं लिहायचं नाही, हा नियम मी तेवीस वर्षं पाळला. आजचं मात्र त्या वहीत मावणार नाही, म्हणून ही दुसरी काढली.

आज दादा आमच्या प्रयोगशाळेत आला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. आमच्या कारखान्यात टाक्यांमध्ये शेवाळ वाढवतात, वाळवतात आणि त्याचं तेल काढतात, हे त्याला आजच कळलं. तेल क्रीमवाले आणि गोळ्यावाले घेऊन जातात. मागे उरते ती पेंड. करडी-हिरवी, सुक्या मासळीसारखा वास मारणारी. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत, म्हणून गेटामागे ढीग पडलेला असतो. दोन वर्षांपूर्वी मी त्यातली मूठभर पेंड सौम्य आम्लात धुतली, वाळवली, दळली आणि निळ्या रंगाच्या पाण्यात टाकून ढवळली. अर्ध्या तासात पाणी स्वच्छ आणि पेंड निळीशार. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत माझा तोच उद्योग चाललेला असतो. साहेब त्याला 'बाईंचा छंद' म्हणतात.

दादाला नोटीस आलीय. बाबांनी सुरू केलेल्या त्याच्या कारखान्यात स्वेटरचं सूत रंगवतात. रंगाचं पाणी मागच्या ओढ्यात जातं अशी तक्रार झाली आणि प्रदूषण खात्यानं महिन्याची मुदत दिली. तेवढ्यात पाणी स्वच्छ करून दाखवा, नाहीतर टाळं. अडतीस माणसं कामाला आहेत. दादा माझ्या स्टुलावर बसला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "छोटे, ते तुझं शेवाळाचं काय असतं ते, माझ्या पाण्याला चालेल का?"

छोटे म्हणे. सेहेचाळीस वर्षांची आहे मी. पण हो-नाही म्हणायच्या आधीच मी त्याला विचारलं, पाण्याची बाटली आणलीस का?

९ जानेवारी, सोमवार

चालतं. नुसतं चालत नाही, धावतं. सगळेच रंग पेंड धरत नाही. सुती कापडाचे काही रंग तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण दादाच्या नकली लोकरीला लागतात ते रंग नेमके तिच्या आवडीचे निघाले. जांभळा, निळा, तो भडक गुलाबी, सगळे. पाच वेळा करून पाहिलं. एक किलो पेंड साधारण हजार लिटर पाणी निवळते, मग भरून जाते आणि रंग पुढे सोडायला लागते.

दादाचं पाणी रोजचं वीस हजार लिटर. दोन मोठी पिंपं, प्रत्येकात चाळीस किलो पेंड. म्हणजे चार दिवस पुरेल, पाचव्या दिवशी बदलायची. पेंडीला तोटा नाही, साहेब म्हणाले ढीग उचललात तर उपकार होतील. हे सगळं मी दादाला कागदावर काढून दाखवलं. त्याचं लक्ष कागदाकडे नव्हतं. एका हातात जांभळ्या पाण्याचा ग्लास, दुसऱ्या हातात निवळलेल्या पाण्याचा, असा तो खिडकीपाशी उभा होता. "दिसायला तर एकदम झकास आहे," म्हणाला. दर चार दिवसांनी बदलायचं म्हटल्यावर म्हणाला, ते बघू पुढे.

घरी येऊन आईला सांगितलं. घरात आम्ही दोघीच. आईनं विचारलं, "म्हणजे टाळं लागणार नाही ना?" मी म्हटलं, नाही. मग तिनं टीव्हीचा आवाज वाढवला.

१५ जानेवारी, रविवार

दिवसभर दादाच्या कारखान्यात होते. पिंपं बसली. सोबत रंगारी काका होते, बाबांच्या वेळेपासूनचे. त्यांच्या नखांचा रंग आता कुठल्याच साबणानं जात नाही. सुताची लडी ओली असतानाच वाळल्यावर कुठली छटा येईल ते अचूक सांगतात.

मला पिंपं मागे बॉयलरशेजारी हवी होती, पाणी तिथंच गोळा होतं. दादा म्हणाला नको, गेटजवळ बसव, येणाऱ्याला आत शिरल्या शिरल्या दिसलं पाहिजे. मला मनातून बरंच वाटलं. माझं काम कोणी दर्शनी भागात ठेवेल असं कधी झालेलं नाही.

काकांनी इंचभर पाइप हातात घेऊन विचारलं, "ताई, एवढ्याशातून सगळं पाणी जाणार?" मी त्यांना समजावलं की सावकाश गेलेलंच चांगलं, पाणी पेंडीजवळ थोडं रेंगाळलं पाहिजे, दिवसरात्र चालू ठेवलं की बरोबर वीस हजार होतात. ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले, मग बरं म्हणून पाना घ्यायला गेले. साध्या माणसांना हिशेब पटायला वेळ लागतो.

२७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी पिंपांत पहिल्यांदा पेंड भरली, मग खात्याची माणसं आली. दोघं साहेब आणि एक बाई. कॉक उघडला आणि पिंपाखालच्या नळीतून काचेसारखं पाणी आलं. बाईंनी त्यांच्या बाटलीत घेतलं, मागच्या तपासणीतली रंगीत पाण्याची बाटली शेजारी धरली, आणि लिहायला लागल्या. दादानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "ही माझी धाकटी बहीण. हे सगळं हिचं डोकं."

बाबा होते तेव्हा पाहुण्यांना सांगायचे, मुलगा कारखाना बघतो आणि मुलगी नोकरी करते. बस, एवढंच. आज रडू येईल की काय अशी भीती वाटली म्हणून मी कॉक बंद करायला वाकले.

फॉर्मवर 'जबाबदार रसायनतज्ज्ञ' अशी जागा होती. दादानं पेन पुढे केलं. दर महिन्याला अशीच एक सही करायची आहे.

१५ फेब्रुवारी, बुधवार

एकोणीस दिवस! चार दिवसांत भरून जाईल म्हटलेली पेंड एकोणीस दिवस टिकली. दर तीन दिवसांनी जाऊन नळीचं पाणी तपासत होते, ते काल संध्याकाळपर्यंत स्वच्छ. आज सकाळी पहिल्यांदा फिकट जांभळी झाक दिसली. काकांनी पेंड बदलली. मी जुनीतली चार-पाच किलो नमुना म्हणून लहान पोत्यात भरून, तारखेची चिठ्ठी लावून, शिवून प्रयोगशाळेत आणली.

जवळजवळ पाचपट. कदाचित पाणी हळूहळू झिरपतं तेव्हा पेंडीच्या आतल्या जागाही भरत असतील. कदाचित तिथल्या गरम पाण्याचा परिणाम. कारण काही का असेना, हे कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. वर्षाअखेरीच्या परिषदेत निबंध वाचायचा असं ठरवून टाकलं. दादाला फोन केला तर म्हणाला, "बघ, तुलाच तुझी किंमत कळत नव्हती." मी विचारलं, काम कमी आहे का सध्या? म्हणाला, छे, ऑर्डरी ओसंडून चालल्यात, रात्रपाळी लावलीय. मग तर झालंच.

आईला हे सगळं सांगत होते. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "दादाला फार प्रश्न विचारत बसू नकोस. त्याच्या मागे व्याप कमी आहेत का." मी कुठे प्रश्न विचारले? मी तर कौतुक सांगत होते.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक बाई मला शोधत आल्या. ओढ्याच्या खालच्या अंगाला त्यांची रोपांची नर्सरी आहे. तक्रार त्यांनीच केली होती. पिशवीतून करपलेल्या रोपांचा ट्रे काढला आणि बाटली काढली. बाटलीत फिकट जांभळं पाणी. म्हणाल्या, खात्यातून कळलं की सही तुमची आहे, तर तुम्हीच तपासून सांगा.

मला राग आला. इतक्या मनापासून केलेल्या कामावर कोणी बोट ठेवलं की येतो तसा. मी म्हटलं, वरच्या बाजूला आणखी दोन लहान रंगवाले आहेत, त्यांचं असेल. आमच्या नळीचं पाणी मी स्वतः तपासते. त्या म्हणाल्या, तसं लिहून द्याल का, म्हणजे मी त्यांच्या मागे लागते. दिलं लिहून. सही केली, तारीख घातली.

त्यांनी कागदाची नीट घडी केली. "तुम्ही शिकलेल्या. तुम्ही म्हणताय तर तसंच असेल."

बाटली टेबलावरच राहिली. मी ती तपासली नाही. असंच लिहून ठेवते, तपासली नाही.

७ मार्च, मंगळवार

दुसऱ्यांदा भरलेली पेंड वीस दिवस टिकली. तिचंही पोतं शिवून आणलं.

१० मार्च, शुक्रवार

निबंधाला पुरावा हवा, म्हणून पहिलं पोतं उसवलं. वापरलेली पेंड जरा कडक आम्लात टाकली की धरलेला रंग सोडते. तो मोजला की किती रंग, म्हणजे किती पाणी, ते कळतं. पूर्ण ऐंशी किलोंच्या हिशेबानं एकोणीस दिवसांचे तीन लाख ऐंशी हजार लिटर निघायला हवेत.

निघाले ऐंशी हजारांचे.

माझंच काही चुकलं. उद्या पुन्हा.

११ मार्च, शनिवार

तीन वेळा केलं. पोत्याच्या वरून, मधून, तळातून पेंड घेतली. दुसरं पोतंही उसवलं. आम्ल बदललं, यंत्र नव्यानं जुळवलं. ब्याऐंशी हजार. एकोणऐंशी. ऐंशी. किलोला हजार लिटर, जानेवारीत निघालं होतं तेवढंच. पेंड माझ्या बरणीत जशी वागली तशीच तिकडे पिंपात वागली.

म्हणजे तिच्यापर्यंत पाणीच आलं नाही. पाचातला एक वाटा आला. उरलेले तीन लाख लिटर गेले कुठे?

सकाळपासून कारणं शोधतेय. टाकी गळत असेल. रात्री पंप कोणी बंद करत असेल, वीज वाचवायला. पाणी पुन्हा वापरत असतील. दादाला फोन करायला दोनदा हात गेला, दोनदा मागे घेतला. का मागे घेतला ते लिहायचं नाहीये.

१३ मार्च, सोमवार

दादा बाजारात गेलेला असतो त्या वेळी गेले. भर दुपार, सगळी यंत्रं चालू. गेटजवळच्या पिंपातून, अर्धवट फिरवलेल्या कॉकमधून, माझी करंगळीएवढी धार शहाण्या मुलीसारखी चालली होती. मी तशीच मागे गेले, बॉयलरच्या खोलीत. काका तिथं होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, यंत्रावरचा हात काढला आणि कोपऱ्यातला पत्रा पायानं बाजूला सरकवला.

खाली पाइप. माझी मांडी जाईल एवढा. वरचं झाकण फुटलेलं, त्यातून वाफाळतं जांभळं पाणी धो धो जात होतं. नवीन काही नव्हतं तिथं. पाइपाच्या आत रंगाचे थर बसले होते, बोटभर जाड.

"ताई," काका म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं तुम्हाला."

हो. विचारलं होतं.

१४ मार्च, मंगळवार

दादाच्या ऑफिसात गेले. तो नाकारेल अशी माझी तयारी होती. किती ठिकाणी खोटं बोलेल आणि मी काय काय पुढे ठेवेन ते सगळं ठरवून गेले होते. त्यानं नाकारलंच नाही. दार लावून घेतलं, माझ्यासाठी चहा सांगितला.

"तो पाइप बाबांनीच टाकलाय. मी फक्त चालू ठेवला."

मी म्हटलं, माझी सही आहे खाली. तो म्हणाला, "मग? तू काय खोटं लिहिलंस? तुझ्या नळीचं पाणी स्वच्छच आहे की." मग अडतीस घरांचं सांगितलं, बाहेरच्या स्वस्त सुताचं सांगितलं, सगळेच असं करतात ते सांगितलं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? हा एकच प्रश्न मला खरा विचारायचा होता.

"सांगितलं असतं तर तू सही केली असतीस का?"

इतक्या सहज म्हणाला, जणू ह्यात माझं कौतुकच आहे. चहा आला. मी प्यायले. का प्यायले कोण जाणे.

१५ मार्च, बुधवार

आईला माहीत होतं.

मी सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तो पाइप टाकला तेव्हा तू चौथीत होतीस." मी म्हटलं, महिनाभर मी तुझ्यासमोर एकोणीस दिवस, एकोणीस दिवस करत नाचत होते. ती म्हणाली, खूश होतीस, कशाला बोलायचं. आणि मग, "तुझं कॉलेज त्याच पाइपावर झालं. एवढी नाकं मुरडू नकोस."

प्रयोगशाळेत मला कोणी आकडे फिरवून दिले असते तर तासाभरात पकडले असते. घरची दोन माणसं दोन महिने केसानं गळा कापत होती आणि मी मान पुढे करून उभी.

१८ मार्च, शनिवार

नर्सरीत गेले. त्या रोपांना पाणी घालत होत्या, लांबच्या विहिरीवरून कावडीनं आणलेलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. दादाचा पाइप, माझी सही, आणि त्यांची बाटली मी तपासली नव्हती हेही.

त्या ऐकत होत्या, झारीची धार थांबली नाही. शेवटी म्हणाल्या, तुमचा कागद घेऊन मी त्या दोघा रंगवाल्यांकडे गेले. एक म्हणाला, आत येऊन बघा. तो तर फक्त शिलाईचे दोरे रंगवतो, तेही बादलीत. त्याच्या बायकोसमोर मी त्याला नाही नाही ते बोलले. आणि खात्यानं तुमचाच कागद लावून माझी तक्रार मिटवली.

मी म्हटलं, मी काय करू ते सांगा. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "ते मी कशाला सांगू? माझ्या सांगण्यावरून करणार का?"

२० मार्च, सोमवार

खात्याला पत्र दिलं. दोन्ही महिन्यांच्या सह्या मागे घेतल्या. पाइप कुठे आहे तेही लिहिलं. स्वतःबद्दल लिहिताना पेन अडलं. 'मला माहीत नव्हतं' लिहिलं आणि खोडलं. शेवटी लिहिलं, 'दुसऱ्याच दिवशी माहीत करून घेता आलं असतं, मी घेतलं नाही.'

आई सकाळीच दादाकडे राहायला गेली. औषधांचा डबा नेला, चष्मा विसरली. रिक्षानं पाठवून दिला.

४ एप्रिल, मंगळवार

दादानं खात्याला दिलेलं उत्तर आज मला टपालानं आलं. तीन वेळा वाचलं. कारखानदारानं आपल्या बहिणीच्या ज्ञानावर विश्वास ठेवला. तिची पेंड कुचकामी निघाली, चार दिवसही टिकली नाही, आणि पाणी तुंबल्यामुळे नाइलाजानं जुना पाइप वापरावा लागला. पिंपं बसवताना तिनं दिशाभूल केली. तिच्यावर योग्य ती कारवाई व्हावी.

बहिणीचं नाव पूर्ण लिहिलंय, मधल्या बाबांच्या नावासकट.

पाइपाचं मी समजू शकते. भीती, सवय, बाबा. पण हे त्यानं बसून लिहिलंय. शब्द निवडून.

२६ एप्रिल, बुधवार

आज सुनावणी. खात्यातल्या त्याच बाई होत्या. त्यांनी जानेवारीपासूनच्या नोंदी वाचल्या, मग म्हणाल्या, पेंड कुचकामी की पाणीच आलं नाही, एवढंच ठरवायचंय. मी पुन्हा शिवलेली दोन्ही पोती घेऊन गेले होते. त्यांच्याच प्रयोगशाळेत, त्यांच्याच माणसानं रंग उतरवून मोजला. मी हात लावला नाही. एक्क्याऐंशी हजार लिटरचा रंग निघाला. कुचकामी पेंडीत इतका रंग राहिला नसता. मग काकांना आत बोलावलं आणि त्यांनी पत्र्याखालचं सगळं सांगितलं. जाता जाता ते मला म्हणाले, आता ह्या नखांना दुसरीकडे कोण काम देणार, बघू.

निकाल असा. कारखाना बंद, पाइप बुजवेपर्यंत आणि पाणी निवळून दाखवेपर्यंत. मला दोन वर्षं कुठल्याही फॉर्मवर सही करता येणार नाही. बरोबर आहे. मी वाद घातला नाही.

बाहेर बाकावर बसले होते. दादा आला आणि शेजारी बसला. वकील पुढे निघून गेला होता. आम्ही समोरच्या भिंतीवरचे कुठले तरी नियम वाचत बसलो. मला वाटलं माफी मागेल. किंवा शिव्या घालेल. दोन्हींसाठी मी तयार होते.

"छोटे," तो म्हणाला, "खरंच पुरली असती का गं?"

मी विचारलं, काय?

"पेंड. सगळं पाणी सोडलं असतं तरी?"

मी म्हटलं, हो. दर चार दिवसांनी बदलायची. कागदावर लिहून दिलं होतं तुला. फुकट मिळत होती.

तो गुडघ्यांवर कोपरं टेकून वाकला. "मला वाटलं तुझं ते शाळेतल्या प्रयोगासारखं आहे. दाखवण्यापुरतं." थांबला. "एकदा पूर्ण सोडून बघायला हवं होतं."

तीन महिने त्याच्या गेटात ती पिंपं उभी होती. कॉक फिरवायला एक हात पुरतो. त्यानं एकदाही फिरवून पाहिला नाही.

मी पोती उचलली. एक त्यानं उचलायला हात पुढे केला, तर मी म्हटलं राहू दे, आणि दोन्ही घेऊन जिना उतरले.